चांदमारीची जागा

ज्या गांवीं लष्कराची छावणी आहे, त्या गांवच्या मुलांना चांदमारीचें मैदान सांगावें लागत नाहीं. टेकडीच्या पायथ्याशीं मातीचा उंच बांध, बांधापुढें लक्ष्याच्या चौकटी, आणि काठीवर तांबडा बावटा. बावटा वर आहे तोंवर तिकडे फिरकावयाचें नाहीं, ही ताकीद घरोघर दिलेली असते. सायंकाळीं बावटा उतरला कीं मुलें बांधाकडे धांव घेतात आणि मातींतले शिशाचे चपटे तुकडे वेंचून खिसे भरतात.

हें मैदान नेमकें याच ठिकाणीं कां, असा प्रश्न मात्र क्वचितच कोणाला पडतो. धरणाची जागा नदी ठरविते, बंदराची जागा किनारा ठरवितो. मग बंदूक चालवावयास आणि रानांत वावरावयास शिकविणाऱ्या शाळेची जागा कशावरून ठरते? गेल्या पावणेदोनशें वर्षांत या प्रश्नाला निरनिराळीं उत्तरें मिळालीं. त्यांपैकीं चार-पांच जागांची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. ती ऐकतांना एक गोष्ट ध्यानांत असूं द्यावी. जागा निवडणारा माणूस प्रथम नकाशा उघडतो. नकाशावर टेकडी ठळक दिसते, पाणी दिसतें, रस्ता दिसतो. तेथें कोण राहतें, तें बारीक अक्षरांत लिहिलेलें असतें.

आरंभ इंग्लंडच्या केंट परगण्यांतील हाइद या किनाऱ्यावरच्या गांवापासून करूं. जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीनें शंभर यार्डांपलीकडच्या माणसावर नेम धरणें म्हणजे नशिबाची परीक्षा होती. सैनिकांची रांग एकदम बार काढी, आणि कोणाची गोळी कोणाला लागली याचा हिशेब कोणी मागत नसे. अशा बंदुकीला शाळा लागत नाहीं, कवाईत पुरते. पण १८५३ सालीं नळीच्या आंत पीळ पाडलेली एन्फील्ड रायफल आली. तिच्या दृष्टिपट्टीवर नऊशें यार्डांपर्यंतचे आंकडे होते. आतां शिपायाला अंतराचा अंदाज करावयाचा होता, वारा ओळखावयाचा होता, पट्टी वरखालीं करावयाची होती. हें ज्ञान कवाइतीच्या चौकांत येत नाहीं. म्हणून सरसेनापति लॉर्ड हार्डिंज यांच्या कारकीर्दींत, त्याच १८५३ सालीं, हाइद येथें बंदुकीची सरकारी शाळा निघाली.

हाइदच कां? तेथें बराकी आयत्याच होत्या. बराकींपुढें नेपोलियनच्या स्वारीच्या भीतीनें खणलेला कालवा आणि त्याच भीतीनें बांधलेले गोल बुरूज होते. नेपोलियन आला नाहीं; बुरूज तसेच राहिले. त्यांपुढें वाटोळ्या गोट्यांचा सपाट किनारा, जेथें गवताचें पातेंहि धड उगवत नाहीं, आणि त्यापलीकडे समुद्र. चुकलेली गोळी पाण्यांत जाणार. शेतकऱ्याला जी जमीन कवडीमोल, तीच नेमबाजीच्या गुरूला अनमोल! चांदमारीच्या जागेचे पहिले दोन नियम येथेंच सांपडतात. लक्ष्याच्या मागें काय आहे तें लक्ष्याच्याहि आधीं पाहावें, हा एक. आणि ज्या जमिनीवर दुसऱ्या कोणाचें पोट नाहीं ती जमीन घ्यावी, हा दुसरा. पहिला नियम पुढें सर्वांनीं पाळला. दुसऱ्याचें काय झालें तें आपण पाहूंच.

यानंतरची हकीकत लंडन शहराच्या वेशीवरची आहे. १८५८-५९ च्या सुमारास तिसऱ्या नेपोलियनच्या फ्रान्सबद्दल इंग्लंडांत पुन्हां धास्ती पसरली. कारकून, वकील, दुकानदार, कारागीर असे हजारों लोक स्वयंसेवक म्हणून नांवें नोंदवूं लागले. त्यांना बंदूक चालवितां यावी म्हणून १८५९ च्या नोव्हेंबरांत राष्ट्रीय रायफल संघ स्थापन झाला. संघापुढें लगेच जागेचा प्रश्न आला. हे स्वयंसेवक पगारी शिपाई नव्हते. दिवसभर कचेरी करून, आगगाडीनें जाऊन, परत घरीं येतां आलें पाहिजे, ही त्यांची अडचण. म्हणून विंबल्डनचें माळरान ठरलें. २ जुलै १८६० रोजीं तेथें व्हिक्टोरिया राणीनें पहिला बार काढला. रायफल आधींच नेम साधून एका घडवंचीवर घट्ट बसविली होती. राणीनें रेशमी दोरी तेवढी ओढली. चारशें यार्डांवर गोळी मध्यबिंदूपासून सव्वा इंचावर लागली. दरबारी कौशल्य असें असावें!

विंबल्डनचा मेळा भरभराटीला आला. तंबूंचें गांव वसे, वाद्यें वाजत, लंडनची प्रतिष्ठित मंडळी गाड्यांतून येत. परंतु जी गोष्ट या जागेचा गुण होती तीच तिचा दोष ठरली. शहर जवळ होतें, आणि शहर वाढत होतें. रुळांच्या कडेनें घरें उभीं राहूं लागलीं. इकडे माळाच्या मालकीचाहि वाद पेटला. जमीनदार अर्ल स्पेन्सर यांनीं १८६४ सालीं माळाचा कांहीं भाग कुंपणांत घालण्याची व कांहीं विकण्याची योजना मांडली. आसपासच्या रहिवाशांनीं तिला कडवा विरोध केला. अखेर १८७१ च्या कायद्यानें माळ लोकांच्या उपयोगासाठीं विश्वस्तांच्या हातीं गेला. माळ राखणारे लोक आणि माळावर बंदुका उडविणारे लोक यांचे संबंध फार काळ गोड राहणें शक्य नव्हतें. शेजारच्या जमीनमालकांच्या तक्रारी वाढल्या. त्या तक्रारदारांत खुद्द सैन्याचे सरसेनापति ड्यूक ऑफ केंब्रिज हेहि होते, हा या कथेंतला विनोद. १८८९ चा मेळा विंबल्डनवरचा शेवटचा ठरला.

तीस वर्षांपूर्वीं लागू पडलेलें उत्तर आतां चुकीचें ठरलें होतें. नवी जागा ठरली सरे परगण्यांतील बिझ्ली. जमीन रेताड, झुडुपांची, शेतीला निकृष्ट, लक्ष्यामागें उंचवटे, शेजारीं लष्कराची जमीन असल्यामुळें गोळीच्या वाटेवर घरें उठण्याचा धोका कमी. हजार-बाराशें यार्डांचा पल्ला तेथें मिळूं शकला. लंडनपासूनचें अंतर वाढलें, तें ब्रुकवुड स्थानकापासून मैदानापर्यंत लोहमार्गाचा फांटा टाकून भरून काढलें. १८९० सालीं प्रिन्सेस ऑफ वेल्स हिच्या हस्ते पहिला बार झाला. १९०८ च्या ऑलिंपिकमधील रायफल-पिस्तुलांच्या शर्यती तेथेंच झाल्या, आणि बिझ्ली आजहि नेमबाजांचें क्षेत्र म्हणून नांदतें आहे. विंबल्डननें शिकविलें तें हें: आज मोकळें दिसणारें माळरान पाहून भागत नाहीं, तीस वर्षांनीं तें मोकळें राहील काय, हा हिशेब मांडावा लागतो.

आतांपर्यंत आपण ज्या शाळा पाहिल्या, तेथें नेमबाज उताणा अगर पालथा पडून, स्थिर लक्ष्यावर, सावकाश नेम धरीत होता. १९४० च्या उन्हाळ्यांत ब्रिटनला वेगळाच विद्यार्थी घडवावा लागला. नॉर्वे हातचा गेला होता, फ्रान्स कोसळत होता. रात्रीं परक्या किनाऱ्यावर उतरावें, डोंगर ओलांडून पूल उडवावा आणि उजाडण्यापूर्वीं नाहींसें व्हावें, असें काम करणारीं माणसें हवीं होतीं. नॉर्वेच्या किनाऱ्यावर गुप्तपणें उतरण्यास निघालेली अधिकाऱ्यांची एक लहानशी तुकडी पाणबुडीला अपघात झाल्यामुळें परत आली होती. त्यांतले विल्यम स्टर्लिंग यांनीं सुचविलें कीं ही मंडळी पांगवून टाकण्याऐवजीं हिलाच गुरुजन करून एक शाळा काढावी. त्यांच्या नात्यांतले लॉर्ड लोव्हॅट हे डोंगराळ स्कॉटलंडचे जाणकार. जागा ठरली पश्चिम किनाऱ्यावरची, लोखेलोर्ट नांवाच्या खाडीच्या आंतल्या टोकाशीं असलेलें इन्व्हरेलोर्टचें घर.

ही निवड पाहण्यासारखी आहे. घराच्या मागें सरळ चढणारा डोंगर. पुढें भरती-ओहोटीची खाडी, म्हणजे होड्यांनीं उतरण्याचा सराव दारांतच. फोर्ट विल्यमहून मॅलेगला जाणारा लोहमार्ग जवळून गेलेला, म्हणून माणसें व दारूगोळा पोंचविण्याची सोय. त्या भागांत परवान्याशिवाय प्रवेशास बंदी, म्हणून गुप्तता आयती. आणि पाऊस! मुंबईला चार महिन्यांत कोसळतो तेवढा पाऊस तेथें बारा महिन्यांवर वांटून दिलेला असतो. दुसऱ्या कोणत्याहि शाळेच्या जागेला हा दोष लागला असता. येथें तो गुण ठरला. ओल्या कपड्यांत झोंप घेतां येणें हाच तर एक धडा होता.

गुरुजनहि जागेला शोभणारे. लोव्हॅट यांच्या वडिलांनीं १९०० सालीं बोअर युद्धासाठीं हरणांच्या मागावर राहणाऱ्या पहाडी शिकाऱ्यांचें एक दळ उभारलें होतें. त्याच परंपरेंतले लोक आतां रानाचे धडे देऊं लागले. वारा आपल्याकडून सावजाकडे जातां कामा नये. डोंगराच्या धारेवर उभें राहूं नये, कारण आकाशावर माणसाची आकृति मैलावरून दिसते. ओहोळाच्या घळींतून सरपटत जावें. हरिण माणसापेक्षां सावध असतें. त्याला फसविणाऱ्याला पहारेकरी अवघड नाहीं. थंडींत व उपासांत तगून राहण्याची विद्या मरे लेव्हिक शिकवीत. साठी उलटलेला हा वैद्य कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेंत होता. १९१२ चा ध्रुवीय हिवाळा त्यानें पांच सोबत्यांसह बर्फांत कोरलेल्या गुहेंत काढला होता. पिस्तूल शिकविण्यास शांघायच्या पोलिसांतून निवृत्त झालेले फेअरबेर्न आणि साइक्स हे दोघे आले. तेथें शिकलेल्यांच्या आठवणींत सांगतात कीं हे दोघे वयस्क गृहस्थ जिन्याच्या माथ्यावर उभे राहिले, एकदम गडगडत खालीं आले, आणि जमिनीवर टेकतांच एका हातांत पिस्तूल, दुसऱ्यांत सुरा घेऊन पवित्र्यांत उभे! अंधारांत, दहा पावलांवर, भेदरलेला माणूस दृष्टिपट्टी पाहत नाहीं, असें त्यांचें मत होतें. म्हणून त्यांना बिझ्लीचें बाराशें यार्डांचें मैदान नको होतें; खोल्या, जिने, दगडाची खाण एवढें पुरे होतें. शिकवावयाचें काय हें बदललें कीं जागेचें मापहि बदलतें.

१९४२ सालीं याच मुलखांत, फोर्ट विल्यमच्या ईशान्येस, ॲखनकॅरी येथें कमांडोंची मुख्य शाळा आली. हें कॅमेरॉन कुळीच्या नायकाचें घर. स्पीन ब्रिजच्या स्थानकावर उतरलेल्या शिकाऊ शिपायाला सात मैल पूर्ण ओझ्यासह चालवून आणीत, प्रवेशपरीक्षा तीच. दाराशीं थडग्यांची एक रांग दिसे. थडगीं खोटीं होतीं. पण प्रत्येकावर त्या 'मृता'ची चूक लिहिलेली असे, जसें कीं हा माणूस डोंगराच्या धारेवर उभा राहिला. कर्नल चार्ल्स व्हॉन यांच्या देखरेखीखालीं नदीवर दोरांचे पूल बांधले जात आणि होड्या किनाऱ्याला लागत असतां खऱ्या गोळ्या अंगाजवळून सोडल्या जात. या सरावांत कांहीं जण खरोखरच मेले. युद्ध संपेपर्यंत सुमारें २५,००० माणसें येथून तयार झालीं. त्यांत फ्रेंच, डच, बेल्जियन, नॉर्वेजियन, अमेरिकनहि होते. स्पीन ब्रिजच्या वर त्यांचें स्मारक १९५२ सालीं उभें राहिलें.

परंतु इतिहास सांगणाऱ्यानें येथें थोडें थांबावें. हे डोंगर इतके ओसाड, इतके सोयीचे रिकामे कसे झाले? १७४६ सालीं कलोडनच्या लढाईंत पहाडी कुळ्यांचा मोड झाला, आणि याच ॲखनकॅरीचें जुनें घर सरकारी सैन्यानें जाळलें. पुढच्या शंभर वर्षांत स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखांतल्या खोऱ्यांखोऱ्यांतून कुळांना उठविण्यांत आलें. मेंढरांना कुरणें हवीं होतीं. मेंढरांनंतर श्रीमंतांच्या शिकारीसाठीं हरणें. माणसें कानडाला गेलीं, ग्लासगोला गेलीं. १९४० सालीं अधिकाऱ्यांना जी मोकळी जागा मिळाली, ती निसर्गानें मोकळी ठेवलेली नव्हती. ती मोकळी करण्यांत आली होती. इन्व्हरेलोर्टच्या मालकिणीलाहि घर सोडतांना पुरती सवड मिळाली नाहीं. सामानसुमान घाईनें हलविण्यांत आलें. जमीनदाराच्या वांट्याला दीडशें वर्षांनीं तोच अनुभव आला, एवढेंच.

आणि जेथें जागा रिकामी नव्हती, तेथें ती रिकामी करण्यांत आली. दक्षिण इंग्लंडांत डॉर्सेटच्या किनाऱ्यावर टाइनम नांवाचें खेडें होतें. शेजारीं लल्वर्थ येथें रणगाड्यांच्या तोफांचा सराव चाले, आणि युरोपांत उतरण्याची तयारी सुरू होतांच तें मैदान अपुरें पडूं लागलें. १९४३ च्या नोव्हेंबरांत टाइनम व आसपासच्या घरांना पत्रें आलीं: नाताळापूर्वीं घरें सोडावीं. सुमारें ७,५०० एकर जमीन, २२५ माणसें. जातांना गांवकऱ्यांनीं चर्चच्या दारावर एक चिठ्ठी लावली. घरें व देऊळ जपून वापरा, आम्हीं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलीं घरें युद्ध लवकर जिंकावें म्हणून दिलीं आहेत, एके दिवशीं परत येऊं, असा तिचा आशय. त्याच महिन्यांत सॅलिसबरीच्या पठारावरील इंबर गांवच्या लोकांना शाळेंत जमवून ४७ दिवसांची मुदत देण्यांत आली. युद्ध जिंकलें. गांवकरी परत आले नाहींत. १९४८ सालीं सरकारनें टाइनमची जमीन सक्तीनें कायमची घेतली. आज तोफा बंद असतील त्या दिवशीं प्रवासी तेथें जातात आणि छपरें उडालेल्या भिंतींतून फिरतात.

टाइनमच्या लोकांनीं तक्रार केली नव्हती. स्वखुषीनें नव्हे तरी समजून उमजून दिलें होतें. गरज खरी होती, हेंहि कोणी नाकारूं शकत नाहीं. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या पोरसवदा रणगाडेवाल्यांना कोठेंतरी तोफ डागावयास शिकणें भागच होतें. पण तात्पुरतें म्हणून मागितलेलें कायमचें ठेवून घेतलें, हा दोष गरजेच्या माथीं मारतां येत नाहीं.

आतां आपल्या घराकडे वळूं. दुसऱ्या महायुद्धानंतर हिंदुस्थानांत तिन्ही दलांच्या अधिकाऱ्यांना एकत्र शिक्षण देणारी संस्था असावी असें ठरलें. फील्ड मार्शल ऑकिनलेक यांच्या समितीनें १९४६ च्या अखेरीस अहवाल दिला. सुदानच्या रक्षणार्थ हिंदी सैनिकांनीं केलेल्या पराक्रमाबद्दल तेथील सरकारनें कृतज्ञतेनें दिलेली एक लाख पौंडांची देणगी हाताशीं होती. अनेक प्रांतांनीं जागा देऊं केल्या. पसंत पडली ती पुण्याजवळची खडकवासल्याची.

कारणें मोजून पाहिलीं तर आपण आतांपर्यंत ऐकलेले सारे नियम तेथें एकत्र आढळतात. मुठेवरच्या, एकोणिसाव्या शतकांत बांधलेल्या धरणाचा तलाव: होड्या चालविण्यास पाणी. महायुद्धांत त्याच्या उत्तर तीरावर पाण्यांतून जमिनीवर उतरण्याचा सराव देणारें केंद्र होतें, आणि 'अँगोस्तुरा' नांवाचें एक नकली जहाज तेथें उभारलेलें होतें; म्हणजे जागा आधींच कसाला लागलेली. लोहगांवचा विमानतळ जवळ, मुंबईचें बंदर फार दूर नाहीं, हवा निरोगी, पुण्यासारखें विद्येचें शहर शेजारीं. मुंबई सरकारनें आठ हजार एकरांच्या घरांत जमीन देऊं केली. ६ ऑक्टोबर १९४९ रोजीं पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली, आणि १९५५ च्या जानेवारींत प्रबोधिनीचें रीतसर उद्घाटन झालें. मुख्य इमारतीला सुदानचें नांव आहे. समोर सिंहगड दिसतो. १६७० सालीं तानाजीचे मावळे ज्या कड्यानें रात्रीं चढले, तो कडा रोज पाहत विद्यार्थी दोर चढावयास शिकतात. जागा निवडणाऱ्यांनीं हें कारण कागदावर लिहिलें असेल-नसेल. महाराष्ट्राला तें सांगावें लागत नाहीं.

आणखी एक गोष्ट. आपल्या देशांत सैन्याच्या कवाइती व मैदानी गोळीबार यांसंबंधीं १९३८ चा एक कायदा आहे. जाहीर सूचना दिल्यावांचून अशी जागा वापरूं नये, धोक्याच्या हद्दींतून माणसें सुरक्षितपणें दूर करावीं, आणि पिकापाण्याचें नुकसान झाल्यास महसुली अधिकाऱ्यानें तें ठरवून भरपाई द्यावी, अशीं त्याचीं कलमें आहेत. विंबल्डनच्या कारकुनाला जो शेजाऱ्याचा त्रास वाटला, टाइनमच्या कुळाला जो हक्क मिळाला नाहीं, तो प्रश्न अशा कलमांतून निदान मांडला तरी जातो. कलम अंमलांत किती येतें, तें त्या मैदानाच्या कडेचा धनगरच सांगूं शकेल.

तेव्हां उद्यां कोणी अशी शाळा काढूं म्हटलें, मग ती सैन्याची असो, पोलिसांची असो, वा हौशी नेमबाजांची, तर त्यानें विचारावयाचे प्रश्न इतिहासानें लिहून ठेवले आहेत. लक्ष्याच्या मागें काय आहे? नेमबाजाचें तोंड उत्तरेकडे ठेवतां येईल काय, म्हणजे ऊन डोळ्यांत जाणार नाहीं? येथें कोणती विद्या शिकवावयाची: सावकाश नेम, कीं अंधारांतली धांवपळ? पाणी, वाट, वैद्य किती दूर? तीस वर्षांनीं भोवतीं शहर येईल काय? या प्रश्नांचीं उत्तरें नकाशा, मोजणीदार आणि अनुभवी उस्ताद देऊं शकतील.

शेवटचा प्रश्न मात्र त्या जागीं पायीं जाऊनच विचारावा लागतो. येथें गुरें कोणाचीं चरतात, सरपणाला कोण येतें, पलीकडच्या वाडीची पाण्याची वाट याच माळावरून जाते काय? ज्यांना विचारावयाचें तीं माणसें सकाळीं त्या माळावरच भेटतात. बावटा काठीवर चढण्याच्या आधीं तेवढें करून घ्यावें.